निर्दोष सुटलेल्यांची भरपाई हा हक्क व्हायला हवा

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा मजुरांना निर्दोष सोडले. ते जवळपास सोळा वर्षे तुरुंगात होते आणि त्यांतली बरीचशी वर्षे फाशीच्या शिक्षेखाली. खटला आपल्या नाशिकचा. जून २००३ मध्ये बेलतगव्हाण शिवारातल्या बागेतील झोपडीत दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. सारा जिल्हा हादरला होता. पोलिसांनी भटक्या जमातीतली सहा माणसे पकडली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यांची शिक्षा पुन्हा फाशीवर नेली.

फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे, असा निकाल २०१४ मध्ये झाला. त्यामुळे या सहा जणांना पुन्हा दाद मागता आली. न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांनी सगळा पुरावा नव्याने तपासला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. हल्ल्यातून वाचलेल्या आईने पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या अल्बममधून घटनेनंतर लगेचच चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. ज्यांना फाशी सुनावली, त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मध्यंतरी सिद्ध झाले होते.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर काम करते. बेलतगव्हाणचा खटला माझ्याकडे कधीच नव्हता. तरी तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्याचा शेवटचा भाग मला स्वस्थ बसू देत नाही. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षांवर हे पाच लाख वाटले, तर दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. आणि हे पैसेसुद्धा त्या तीन न्यायमूर्तींना द्यावेसे वाटले म्हणून मिळाले. ते दिलेच पाहिजेत, असे सांगणारे कलम आपल्या कायद्यात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांची प्रकरणे इतकी मोठी नसतात. भावकीतल्या बांधाच्या वादातून मारहाणीची फिर्याद, कारखान्यातल्या चोरीत कंत्राटी कामगाराचे नाव, घटस्फोटाच्या भांडणात गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या सासूपासून सगळ्यांची नावे. आई-वडील पायरीवर बसून एकच वाक्य सांगतात, “मॅडम, तो तिथं नव्हताच हो.” त्या क्षणी त्यांना कायद्याचा इतिहास नको असतो. आता काय करायचे, एवढेच कळायला हवे असते. म्हणून ते आधी सांगते.

पहिले काम म्हणजे एफआयआरची प्रत. संवेदनशील गुन्हे वगळता ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिला आहे. कलमे कळल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल, तर पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल. आता ती नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली की पळू नका, वकिलासह हजर राहा. अटकेची भीती खरी असेल, तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो. अटक झालीच, तर नातेवाइकांना कळवणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

दुसरे काम पुराव्याचे, आणि ते पहिल्याच आठवड्यात करायचे. मुलगा त्या वेळी कंपनीत होता, तर हजेरीचा उतारा घ्या. टोलनाक्यावर होता, तर पावती शोधा. दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून दुकानदाराला आणि तपासी अंमलदाराला लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण जपून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. ठाण्यात मारहाण झाली असेल, तर त्या चित्रणाची मागणी न्यायालयाकडे ताबडतोब करा. तोंडी विनंतीचा पुढे काही उपयोग होत नाही. उपयोगी पडतो तो शिक्का मारलेला कागद. मात्र साक्षीदाराच्या किंवा फिर्यादीच्या घरी समजवायला जाऊ नका. त्यातून दबाव टाकल्याचा नवा गुन्हा उभा राहतो आणि मिळालेला जामीनही जातो.

तिसरे, खटला चालण्याआधीच संपवण्याचे दोन मार्ग आहेत. फिर्याद जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा होत नसेल, किंवा ती उघड सूडबुद्धीने दिलेली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालय ती रद्द करू शकते. १९९० च्या भजनलाल निकालाने त्याच्या कसोट्या ठरवून दिल्या आहेत. नाशिककरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते आणि खर्चही मोठा येतो. दुसरा मार्ग म्हणजे दोषारोपपत्र आल्यावर आरोपमुक्तीचा अर्ज. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २५ एप्रिल २०१६ रोजी आरोपमुक्त केले, तोपर्यंत त्यांतला एक जण हयात नव्हता. खटला उभा राहण्याआधी, केवळ कागदांवर ते सुटले. पण त्याआधी त्यांची पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

आता सुटकेनंतरचे पाहू. कुटुंबांना माहिती सर्वांत कमी असते ती इथे. पेढे वाटून लोक घरी जातात आणि मुदत निघून जाते. खोटी फिर्याद करणाऱ्याविरुद्ध द्वेषमूलक कारवाईबद्दल दिवाणी दावा करायचा, तर निर्दोष ठरल्यापासून मुदत एकच वर्ष आहे. मानवी हक्क आयोगही एक वर्षापूर्वीच्या घटनेची तक्रार घेत नाही. जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली गुन्हा आहे. आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर खोटे बोलणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण प्रकरण न्यायालयात पोहोचले असेल, तर ही कारवाई न्यायालयाच्याच तक्रारीवरून होते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि पुन्हा तारखा सुरू होतात. बहुतेक घरांत तोवर लढायची ताकद उरलेली नसते. जामिनाला सातबारा दिलेला असतो, बहिणीचे लग्न अडलेले असते, नोकरी गेलेली असते.

आणि भरपाई? न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या खटल्यात आरोप निराधार ठरला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ खाली फिर्यादीकडून काही रक्कम देववता येते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बाबतीत तिची मर्यादा पन्नास हजार. कारण नसताना पोलिसांकरवी अटक करवली, तर कलम ३९९ खाली भरपाई आहे हजार रुपयांपर्यंत. एक हजार! २०२३ मध्ये नवी संहिता लिहिताना हा आकडा तसाच ठेवला गेला. बाकी उरते ती घटनेच्या कलम ३२ आणि २२६ खालची रिट याचिका. बिहारच्या रुदुल शहाला १९८३ मध्ये भरपाई मिळाली ती अशीच, आणि शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख मिळाले तेही सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने. पण हे प्रत्येक न्यायालय आपापल्या विवेकाने ठरवते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्याला काही मिळते. सातपूरच्या कंत्राटी कामगाराला काहीच मिळत नाही.

इथे एक गोष्ट मी ठामपणे सांगते. आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, असे नव्हे. साक्षीदार फुटतात, तपास ढिसाळ होतो, संशयाचा फायदा मिळतो. अत्याचार झालेल्या बाईने ‘उद्या सिद्ध झाले नाही तर मलाच आत टाकतील’ या भीतीने गप्प बसावे, असा कायदा मला नको आहे. बेलतगव्हाणमध्ये त्या आईने खोटे सांगितले म्हणून सहा जण अडकले नाहीत. तिने ओळखलेल्या माणसांचा तपास झाला नाही, म्हणून अडकले. त्यात त्या सहा जणांवर अन्याय झाला आणि ज्यांची माणसे मेली त्यांच्यावरही झाला. म्हणून भरपाईची जबाबदारी आधी सरकारची आहे, कारण अटक, तपास आणि खटला सरकारच चालवते.

हे नव्याने शोधायचे नाही. न्यायमूर्ती चौहान यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात नेमके हेच सुचवले आहे. चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये, ठरावीक मुदतीत निर्णय, पैशांबरोबरच समुपदेशन आणि कामाचे प्रशिक्षण, अशा त्यातल्या शिफारशी आहेत. नव्या संहितेत त्यातले काही आले नाही. केंद्राची वाट पाहण्याचेही कारण नाही. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. पीडित महिला आणि बालकांसाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणली, तशीच चुकीच्या खटल्यातून सुटलेल्यांसाठीही राज्याला योजना करता येईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहेत, अर्ज तिथेच घेता येतील.

नाशिक जिल्ह्यातल्या सर्वपक्षीय आमदारांना माझी विनंती आहे. येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडा आणि भरपाईची रक्कम तुरुंगात गेलेल्या दिवसांवर ठरेल, असा नियम करून घ्या. आणि ज्या घरावर आज हा प्रसंग आला आहे, त्यांना एवढेच सांगते, प्रत्येक कागद जपा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि सुटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत हाती आली की त्याच आठवड्यात वकिलाला भेटा. तुमच्याकडे एकच वर्ष आहे.