आधी विचारा, मग तपासा

चेहरा वाटोळा, पोट सुटलेले, हातपाय काटकुळे, मांड्यांवर बोटभर रुंद जांभळे पट्टे. आणि सकाळी आठच्या रक्तातले कॉर्टिसॉल मात्र जवळजवळ शून्य. असा रिपोर्ट हाती आला की आपण प्रयोगशाळेवर शंका घेतो, तपासणी पुन्हा करायला सांगतो. वास्तविक निदान त्याच कागदावर असते. कॉर्टिसॉलचे काम करणारे औषध बाहेरून मिळत असल्याने पियुषिकेने एसीटीएच सोडणे थांबवलेले असते आणि अधिवृक्क ग्रंथी निपचित पडलेल्या असतात. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा क्लोबेटासोल कॉर्टिसॉलच्या चाचणीत सहसा उमटत नाही. प्रेडनिसोलोन मात्र काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाते आणि फसगत उलट्या बाजूने होते. हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला ग्रंथीजन्य आजार दुर्मीळ आहे. बाहेरच्या स्टेरॉइडमुळे होणारा कुशिंग सिंड्रोमच जास्त आढळतो. म्हणून औषधांची चौकशी रक्ततपासणीच्या आधी व्हायला हवी.

‘विचारले होते, रुग्ण नाही म्हणाला,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. रुग्ण खोटे बोलत नसतो. नायट्याची ट्यूब, गोरेपणाची क्रीम, सांधेदुखीची बिननावाची पुडी यांत स्टेरॉइड असू शकते, हे त्याच्या गावीही नसते. तेव्हा प्रश्न नावाने करा आणि घरातले प्रत्येक मलम आणायला सांगा. ट्यूबवर बारीक अक्षरात ‘क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के’ असते. त्याची मर्यादा आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आली, तरी चिठ्ठीविना ती मिळतात. बाळाचे वजन वाढते आहे पण उंची खुंटली आहे, अशा वेळी लंगोटीच्या जागी काय लावता, हे विचारलेच पाहिजे. ओपीडीच्या गर्दीत वेळ नसतो हे खरे. पण अनावश्यक एमआरआयचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. चौकशीत काहीच निघाले नाही, तर एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची चाचणी आहेच.

कारण सापडले की औषध तडकाफडकी बंद करण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करा. सकाळचे कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर ग्रंथी सावरल्या असे धरता येते. ५ च्या खाली असेल तर स्टेरॉइडचा आधार चालू ठेवावा लागतो. ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्रा वाढवावी लागेल, हे रुग्णाला आणि घरच्यांना लेखी देऊनच पाठवा.