कान की कर्णा?

वाचकहो, मराठीच्या अध्यापकाने मोटारीच्या पोटात डोके घालू नये, या मताचा मी होतो आणि अजूनही आहे. पण यंदाच्या पावसाळ्यात आमच्या मोटारीच्या डाव्या दाराने माझी चांगलीच फजिती केली. ती आपणांस सांगितल्याशिवाय मला दिवाळीचा फराळ गोड लागायचा नाही.

आमचे घर हातखंब्याला. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे गाड्या रत्नागिरीकडे वळतात, त्या वळणाऱ्यांत रोज सकाळी मीही असतो. दर गुरुवारी आई बरोबर येते. रत्नागिरीत मावशीकडे तिला सोडायचे आणि आपण कॉलेज गाठायचे, असा क्रम. वाटेत आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकायच्या, हा तिचा नेम. तिचा उजवा कान कित्येक वर्षांपूर्वीच अधू झाला. डावा मात्र तल्लख. ती बसते माझ्या डावीकडे, म्हणजे तो शाबूत कान खिडकीकडे आणि त्याच्या खाली दारातला स्पीकर. (आमच्याकडे पूर्वी याला ‘कर्णा’ म्हणत. शब्द झकास आहे. तो का सोडला कोण जाणे!)

आषाढात एके दिवशी ती म्हणाली, “आज रेडिओ लावला नाहीस?” रेडिओ तर चालू होता, माझ्या उजव्या बाजूने खणखणीत. मी म्हटले, “आई, लागलाय की! आता तुझा डावाही गेला वाटतं.” पुढच्या दोन गुरुवारी तिने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा तेच सांगितले. मग तिने विचारणेच सोडले. बातम्या चालू असताना ती मान डोलवी. मला वाटे, ऐकते आहे. श्रवणयंत्राच्या चौकशीसाठी मी डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती.

नवरात्राच्या तोंडावर दिव्याचे काही काम निघाले, म्हणून तिठ्यावरच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्या पोराने सहज रेडिओ लावला आणि म्हणाला, “सर, डावीकडचा बंद आहे.” रेडिओतला आवाज एकाच बाजूला लोटण्याची सोय असते, हे मला पाच वर्षांत ठाऊक नव्हते. त्याने तो सगळा डावीकडे नेला, आणि गाडीत शुद्ध स्मशानशांतता!

पुढचा तपास मोठा वाचनीय होता. आधी दाराचे अस्तर काढले. उजव्या दारातला चांगला स्पीकर आणून डाव्या तारांना जोडला, तो वाजला. म्हणजे रेडिओ आणि तारा निर्दोष. मग मीटर लावला. चांगल्या स्पीकरने साडेतीन ओहमच्या आसपास आकडा दाखवला, डाव्याने काहीच नाही. आत कुठेतरी तार तुटलेली. बाहेर काढला तेव्हा कागदी शंकू भिजून फुगलेला, आणि गुंडाळीकडे जाणाऱ्या बारीक तारेवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. लोहचुंबक, त्याच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला शंकू, ही रचना राईस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली मांडली. आजही बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. तिला कोकणचा पाऊस कोणी दाखवला नसावा.

पण पाणी आले कुठून? पोराने सांगितले ते ऐकून मी चाटच पडलो. मोटारीच्या दारात पाणी जायचेच! काचेच्या कडेने ते आत उतरते आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जाते. आतल्या बाजूस येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. वैशाखात आम्ही काच दुरुस्त करून घेतली, तेव्हा तो पडदा फाटला आणि तसाच लोंबत राहिला. त्यात तळाची भोके लाल मातीने आणि पानांनी बुजलेली. दारात अक्षरशः डबके साचत होते.

नवे स्पीकर रत्नागिरीतून आणले, साडेसहा इंची. सुटा मिळेना, जोडीच घ्यावी लागली. पोराने भोके तारेने मोकळी केली, नवा पडदा चिकटवला आणि दीड व्होल्टचा सेल टेकवून शंकू बाहेर ढकलला जातो की आत ओढला जातो ते पाहून तारा जोडल्या. उलटसुलट जोडल्या तर एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि खर्जातला आवाज विरून जातो म्हणे.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, “मग डॉक्टरांकडे जायचं की नाही?” उजव्या कानासाठी जायचे ठरले.

गुरुवारी बातम्या लागल्या. निवेदिकेची दोन वाक्ये होताच आईने माझ्याकडे पाहिले.

“बातम्या देणारी बाई बदलली वाटतं?”

“हो,” मी म्हटले, “श्रावणातच.”