फाइल सापडली, पण कोणाची?

जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहिणाऱ्या बऱ्याच टीम्सकडे एक युटिलिटी क्लास असतो. कोणी लिहिला ते कोणालाच आठवत नाही, पण दर प्रोजेक्टमध्ये तो निमूटपणे कॉपी-पेस्ट होतो. त्याला फाइलचं नाव द्यायचं, तो शोधून आणतो. आधी थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरला विचारतो, मग स्वतःच्या क्लासलोडरला, मग सिस्टिम क्लासलोडरला, आणि कुठेच नाही मिळाली तर थेट डिस्कवर. किती गुणी बाळ! माझं मत मात्र असं की हा क्लास दिसेल तिथे काढून टाकावा.

तो जन्माला का येतो ते समजू शकतं. क्लासवर गेट-रिसोर्स-अ‍ॅज-स्ट्रीम म्हटलं तर सुरुवातीचा स्लॅश म्हणजे क्लासपाथचं मूळ. तेच क्लासलोडरवर म्हटलं तर स्लॅश चालत नाही, हातात नल येतो. दोनचार वेळा असा नल पदरी पडला की माणूस वैतागतो आणि म्हणतो, शोध बाबा कुठूनही!

पण "कुठूनही" हीच खरी भानगड आहे.

जावाची मूळ शिस्त एकत्र कुटुंबाची: आधी थोरल्यांना विचार, त्यांच्याकडे नसेल तर आपलं कपाट उघड. टॉमकॅटमध्ये वेब अ‍ॅप्लिकेशनपुरतं हे उलटं. जावाचे आणि सर्व्हलेटचे मूळ क्लासेस सोडले, तर आधी वेब-इन्फमधलं क्लासेस फोल्डर, मग लिबमधल्या जार, आणि त्यानंतर सर्व्हरच्या सामायिक लायब्रऱ्या. एकाच सर्व्हरवर चार अ‍ॅप्लिकेशन्स आपापल्या लायब्रऱ्या घेऊन सुखाने नांदावीत म्हणून ही सोय. पण लिबमधल्या दोन जारमध्ये एकाच नावाची फाइल असेल तर पहिली कुठली, याची खात्री सर्व्हलेटचं स्पेसिफिकेशन देत नाही.

आता कॉन्फिग डॉट प्रॉपर्टीज या नावाची फाइल मागणं म्हणजे पाकिटावर "कुलकर्णी, सदाशिव पेठ, पुणे" एवढंच लिहिणं. पत्र पोचेल हो, पण कोणत्या कुलकर्ण्यांकडे? तुमची फाइल चुकून पॅकेजमधून गळली, तर हा गुणी बाळ दुसऱ्याच जारमधली शोधून आणतो. तिच्यात टेस्ट डेटाबेसचा पत्ता असेल तर? एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डर्स टेस्ट डेटाबेसात जात राहतात आणि आपण शनिवारी निवांत मिसळ खात असतो.

दुसरा घोळ थ्रेडचा. जावा ९ (२०१७) पासून फोर्क-जॉइनच्या कॉमन पूलमधल्या थ्रेड्सना कॉन्टेक्स्ट म्हणून सिस्टिम क्लासलोडर मिळतो. त्याला तुमचं वेब-इन्फ दिसतच नाही. म्हणजे एखादं काम कंप्लीटेबल-फ्यूचरला दिलं की तोच कोड, तीच फाइल, पण शोध भलत्याच घरात सुरू!

म्हणून माझा नियम साधा आहे: फाइल ज्याची, त्याच्याकडेच मागा. लायब्ररीची स्वतःची फाइल तिच्याच क्लासकडून, तिच्याच पॅकेजमधून घ्या. वेब-इन्फमध्ये ठेवलेल्या टेम्प्लेटसाठी सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट आहे. कॉन्टेक्स्ट क्लासलोडर हा दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या फ्रेमवर्कसाठी आहे, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी नाही. आणि डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड वगैरे मंडळींना वॉर फाइलमध्ये घेऊच नका. ती बाहेर राहू देत, त्यांचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून स्पष्ट द्या. फाइल नाही मिळाली तर? सरळ एक्सेप्शन फेका, तेही अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच.

यावर हमखास येणारा प्रश्न: "अहो, मग एवढ्याशा फाइलपायी अख्खं अ‍ॅप्लिकेशन उभंच राहणार नाही!"

नकोच राहायला. उभं न राहिलेलं अ‍ॅप्लिकेशन डिप्लॉय करणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतं, आणि फाइलचं नाव एररमध्येच लिहिलेलं असतं. चुकीच्या फाइलवर उभं राहिलेलं अ‍ॅप्लिकेशन आधी ग्राहकाला दिसतं, आपल्याला नंतर. तोवर किती ऑर्डर्स भलतीकडे गेल्या ते हाताने मोजत बसायचं.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की लिब फोल्डर उघडून एवढंच बघा: तुमच्या कॉन्फिग फाइलच्या नावाची आणखी कितीजणं तिथे राहतात?