चित्राला लाईक, वाड्याला नोटीस

मिलिंद मुळीक यांची जलरंगातली पुण्याची चित्रं आपण आवडीने शेअर करतो. पेठेतला वाडा, कौलं, गल्लीत उतरलेलं ऊन. खाली कमेंट ठरलेली, "गेले ते दिवस!"

अहो, दिवस आपोआप गेले नाहीत.

जुना वाडा का पडतो? भाडं आजोबांच्या काळातलं, त्यात मालकाला कौलं बदलणंही परवडत नाही. वारसांचे दावे कोर्टात. भाडेकरूला धास्ती, एकदा बाहेर पडलो की परत जागा मिळणार नाही. मग टेकू लावलेल्या भिंतीआड माणसं राहतात. पावसाळा तोंडावर आला की महापालिका 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवते. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो.

चित्रकार त्याचं काम चोख करतोय. पण जलरंगात उजेड सापडतो, तुळईचं माप नाही. आणि वाड्यात राहणाऱ्याचा हक्क तर नाहीच नाही. ती कामं सरकारी कचेरीची. ती चित्रकारावर ढकलून आपण हळहळत बसायचं?

पुण्याचं कशाला, आपल्या तालुक्याच्या गावातही हेच सुरू झालंय. म्हणून नगरपालिकेकडे माझ्या दोनच मागण्या. वाडा पाडायची परवानगी देण्याआधी त्याचे मोजमापासह नकाशे, फोटो काढून दप्तरी ठेवा. आणि भाडेकरूला नव्या जागेचा लेखी करार मिळाल्याशिवाय हातोडा पडू देऊ नका.

अर्ज लिहून तयार आहे. लाईक नको, सही करायला या.