किल्ली कोणाच्या हाती?

हैदराबादेतील दिलसुखनगर हा भाग शिकवणीवर्गांसाठी व वसतिगृहांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे राज्ये निराळी झाली, तरी शिक्षणासाठी तिकडे जाण्याची वाट मोडली नाही. तेथे शिकणाऱ्या मुलाने फीचे पैसे मागावेत आणि आईने गावच्या ओट्यावर बसून ते मोबाईलवरून पाठवावेत, यात आता नवल उरलेले नाही. परंतु तो पैसा व तो निरोप वाटेत परक्याच्या हाती का लागत नाही? गूढलेखन नावाच्या विद्येमुळे. तिची तोंडओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

ही विद्या फार जुनी आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, पंचविसाव्या व एक्कावन्नाव्या अध्यायांत, ‘शेशख’ असे नाव येते. ते बाबेलचेच होय. हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरे, अशी अदलाबदल केली म्हणजे बाबेलचे शेशख होते. आपल्या महाराष्ट्रात महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे ‘लीळाचरित्रा’सारखा तेराव्या शतकातील मराठी ग्रंथ कित्येक शतके पंथाबाहेर अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली.

मात्र अशा अदलाबदलीत एक उणीव असते. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. चिन्हे चिकाटीने मोजली की रहस्य फुटू लागते. ही युक्ती नवव्या शतकातच बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने लिहून ठेवली होती. म्हणून १८८३ साली केरखॉफ्स या विद्वानाने नियम सांगितला, की कुलपाची रचना शत्रूला कळली तरी बिघडू नये; गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

पण दूरच्या माणसाकडे किल्ली पाठवावी कशी? वाटेत तीच चोरीस गेली तर? १९७६ साली डिफी व हेलमन या अमेरिकन संशोधकांनी यावर नवा मार्ग दाखविला. चर्चमधील दानपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या फटीतून कोणीही पैसे टाकू शकतो. बाहेर काढू शकतो तो किल्ली बाळगणाराच. तसेच येथे बंद करण्याची किल्ली जगजाहीर असते, उघडण्याची मात्र एकाजवळच. दुसऱ्याच वर्षी तिघा संशोधकांनी हे गणिताने साधले. ६१ व ५३ यांचा गुणाकार ३२३३, हे शाळकरी मूलही करील. परंतु ३२३३ ही संख्या कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने झाली, हे शोधताना दमछाक होते. प्रत्यक्षात या संख्या शेकडो अंकी असतात. मग महायंत्रांचाही पाड लागत नाही.

म्हणूनच आजचा चोर कुलूप फोडीत बसत नाही. तो गोड बोलून किल्लीच मागतो. ‘बँकेतून बोलतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा,’ असे तो म्हणतो, आणि भोळी माउली सांगून टाकते. वाचकहो, कोणतीही बँक ओटीपी विचारीत नाही. तो कोणासही सांगू नये.

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी उघड करू नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्या रहस्याचे रक्षण यंत्र करीत नाही. मिटलेले ओठ करतात. घरच्या गुपिताचेही तसेच आहे. परंतु फसवणूक झालीच, तर ती मात्र लाजेने लपवू नये. तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर व बँकेस कळवावे, आणि घरच्यांनीही त्या फसलेल्या जिवाला बोल न लावता धीर द्यावा. काय झाकावे व काय उघड करावे, हे ओळखण्याची सुबुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.