कच्चे काम कुणाला दाखवावे?

1948 मध्ये सय्यद हैदर रझा काश्मीरमध्ये चित्रे काढत होते. वय सव्वीस. आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. निसर्गचित्रांमुळे नाव होऊ लागलेले. श्रीनगरला त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. ब्रेसाँनी चित्रे पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगितले की हातात गुण आहे, पण चित्रांना बांधणी नाही. घराला पाया, भिंती आणि तुळया लागतात तशा चित्रालाही लागतात. फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रे नीट अभ्यासा. मुंबईला परतल्यावर रझा फ्रेंच शिकू लागले आणि 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत घरे ठोकळ्यांसारखी एकमेकांना टेकून उभी राहिलेली दिसतात. श्रीनगरचा हा प्रसंग ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मला या हकिकतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. रझांनी आपल्या मनातली कल्पना सांगितली नव्हती, त्यांनी चित्रे पुढे ठेवली होती.

दिवाळी अंकाच्या संपादकाच्या खुर्चीत बसले की हा फरक दरवर्षी कळतो. गुढीपाडव्याच्या सुमारास फोन येऊ लागतात. कुणी अर्धा तास कथा सांगतो. पात्रे, शेवट, शीर्षकसुद्धा तयार असते. ऐकून आपणही हरखतो. पण जी कथा फोनवर इतकी रंगली ती पुष्कळदा कागदावर येतच नाही. लिहिण्यामागची तगमग सांगण्यातच विझून जाते, आणि ऐकणाऱ्याच्या ‘वा!’ने लेखकाला काम झाल्यासारखे वाटते. उलट चार पानांचा, खाडाखोडीने भरलेला कच्चा खर्डा घेऊन जो येतो त्याच्याशी बोलायला हाताशी काही असते. हे वाक्य इथे का, हा माणूस दुसऱ्या पानावर कुठे गेला, असे विचारता येते. हवेतल्या कल्पनेला असे प्रश्न विचारता येत नाहीत.

म्हणून काही गोष्टींची चर्चा होऊच नये असे माझे मत आहे. रझांचेच उदाहरण पुन्हा घेतो. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत हा चंचल मुलगा एकाग्र व्हावा म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितले. तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला तो सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. असे बीज कुणाशी बोलून लवकर रुजत नाही. ते गप्प राहू द्यावे. बोलावे ते बांधणीबद्दल: ओळ, रंग, प्रवेश, परिच्छेद यांच्याबद्दल. आणि बोलावे निवडक माणसांशी.

मुंबईने अशी माणसे एकेकाळी भरभरून दिली. सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला तो 1947 मध्ये. वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन यांच्यासारखे जाणकार त्यांची चित्रे पाहत आणि त्यांवर बोलत. ग्रुप फार टिकला नाही. सूझा 1949 मध्ये लंडनला गेले, पाठोपाठ रझा पॅरिसला. मात्र रझा आणि त्यांचे चित्रकार मित्र यांच्यातला पत्रव्यवहार पुढे कित्येक दशके चालू राहिला.

साहित्यात हे काम गिरगावातल्या खटाववाडीने केले. ‘मौज’ प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिकाची मंडळी, विशेषतः श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, नवख्या लेखकाचेही हस्तलिखित बारकाईने वाचत, त्यावर सविस्तर पत्र लिहीत, पुन्हा लिहायला सांगत. त्यांची अभिरुची सर्वांना पटली नाही; लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी तिच्याविरुद्ध उघड बंड केले, आणि त्या बंडाची मराठीला गरज होती असेच मी म्हणेन. तरीही ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडल्यावर लेखकाच्या खर्ड्याला तितका वेळ देणारे घर मराठीत उरले नाही. आज चित्र किंवा कविता पूर्ण व्हायच्या आत शंभर जणांच्या मोबाइलवर पोहोचते आणि शंभर अंगठे मिळवते. बांधणी नाही असे सांगणारा त्या शंभरांत क्वचितच असतो.

या वर्षी आम्ही त्या दिशेने थोडेसे करून पाहिले. सर्व कथाकारांकडून आषाढातच कच्चे खर्डे मागवले आणि एकेकाशी सविस्तर बोललो. दोन कथांचे शेवट बदलले. एका लेखिकेने आमची सूचना ठामपणे नाकारली. अंकाची मुद्रिते हातात घेऊन तिची कथा पुन्हा वाचली तेव्हा तिचेच बरोबर होते असे दिसले. ती कथा जशीच्या तशी छापली आहे. मुखपृष्ठासाठी चित्रकाराने तीन रेखाटने दाखवली. आम्हाला तिसरे आवडले होते, पण त्याने पहिल्यावरच काम करायचे ठरवले आणि आम्ही मान्य केले. आता ते तुमच्यासमोर आहे.

अंक वाचून झाला की आवडले ते कळवाच, पण कुठे बांधणी सुटली असे वाटले ते पान क्रमांकासह आवर्जून लिहा. तुमचे प्रत्येक पत्र त्या त्या लेखकाला आणि चित्रकाराला पाठवले जाईल.