ज्याच्या विरोधात बातमी छापली, त्यालाच शेवटी फोन केला

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. कुत्र्याबद्दल आहे, पण फक्त कुत्र्याबद्दल नाही.

मागच्या गुरुवारी आमचा टँकर गेला. हो, कुत्र्याचं नाव टँकर. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या एका चारा छावणीवर बातमीसाठी गेलो होतो. पाण्याच्या टँकरखाली गळणाऱ्या थेंबांच्या ओलीत एक पिल्लू पडलेलं दिसलं. दुचाकीच्या डिक्कीत टाकून घरी आणलं. आई म्हणाली, "माणसाला प्यायला पानी न्हाई अन् तू ह्ये कुठं घेऊन आलास?" आणि दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला ताकात भाकरी कुस्करून घातली. मुलगी गल्लीत "टँकर आला, टँकर आला" म्हणून ओरडायची आणि दोन-तीन घरांतून बायका खरंच घागरी घेऊन बाहेर यायच्या. शिव्या मला खाव्या लागायच्या.

बारा वर्षांहून जास्त राहिला. या वर्षी पाणी जास्त प्यायला लागला, वाळला, मागचे पाय ओढायला लागला. पाय दुखत असतील म्हणून मी मेडिकलमधून माणसाची दुखण्याची गोळी आणून गुळात घालून दिली. एकदा नाही, आठवडाभर. पुढं उलट्या सुरू झाल्या. गाडी करून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला. रक्त तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळपास संपलेली. सलाईन लावली तर थोडे दिवस मिळतील, बरा होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आणल्यावर सहा दिवस तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन दिली. सातव्या दिवशी त्यानं भाकरीकडं पाहिलंसुद्धा नाही. तोंडात फोड आले होते. रात्रभर कण्हत होता. सकाळी आईच म्हणाली, "लेकरासारखं हाय ते. आपल्याला सोडवंना म्हनून त्याचे हाल कशाला करायचे?"

आता खरी गोष्ट सांगतो. हे तालुक्याचे डॉक्टर म्हणजे तेच, ज्यांच्या विरोधात मी २०१९ च्या उन्हाळ्यात बातमी केली होती. दवाखान्याला कुलूप, जनावरं वाऱ्यावर, असा मथळा होता. कुलपाचा फोटो मीच काढला होता. फोटो खरा होता, बातमी अर्धी होती. त्या दिवशी ते छावणीवर होते. त्यांच्याकडं स्वतःच्या दवाखान्याशिवाय आणखी दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही. त्यांना खुलासा द्यावा लागला, मला संपादकांनी शाबासकी दिली. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवतात की दुसरी बाजू घ्या. ते मला तेव्हा आठवलं नाही.

गुरुवारी त्यांना फोन लावताना हात जड झाला होता. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आता त्याला मोकळं करावं म्हणतो." ते म्हणाले, "एका म्हशीचं वासरू आडवं आलंय, ते उरकून येतो. तोवर त्याला एकटं ठेवू नका."

साडेसातला आले. चपला बाहेर काढल्या, ओट्यावर टँकरच्या शेजारी बसले, आधी हात हुंगू दिला. बॅग उघडायच्या अगोदर घरातल्या प्रत्येकाला काय होणार ते सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपेल. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबेल. डोळे मिटणार नाहीत, एखादा मोठा श्वास येईल, अंगाला झटका बसेल, घाबरू नका, त्याला तेव्हा काही कळत नसतं. मग मुलीला म्हणाले, "ताई, थांबायचंय का आत जायचंय? दोन्हीत काही चूक नाही." ती थांबली. डोकं तिच्या मांडीवर होतं.

स्टेथोस्कोप त्यांनी बराच वेळ लावून ठेवला. मग फक्त म्हणाले, "थांबलं."

मी त्यांना गोळ्यांचं विचारलं. माझ्यामुळं झालं का? त्यांनी थाप मारली नाही. म्हणाले, "त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला त्रास होतो, वाढला असेल. पण दुखणं जुनंच होतं, वयही झालं होतं. तुम्ही दुखू नये म्हणूनच दिली ना? पुढच्या वेळी आधी विचारा." एवढंच. औषधाचे पैसे घेतले, पावती दिली. २०१९ चा विषय त्यांनी काढला नाही. जाताना मीच काढला. ते हसले. म्हणाले, "अहो, कुलूप तर होतंच की."

ही पोस्ट लिहायला बसलो ती या वाक्यामुळं.

कुणी म्हणेल, इथं शेतकरी मरतोय आणि याला कुत्र्याचं पडलंय. मी याच जिल्ह्यात वीस वर्षं बातमीदारी केली आहे, आत्महत्या झालेल्या घरांच्या ओट्यावर बसलो आहे. म्हणूनच सांगतो, हे प्रश्न वेगळे नाहीत. टँकरला शांतपणे पाठवणारा हात तासाभरापूर्वी म्हशीच्या पोटात होता. ती म्हैस मेली असती तर एका घराचा महिन्याचा दुधाचा पगार गेला असता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून जास्त पशुधन मोजलं गेलं. त्याच्यावर जगणारी माणसं किती असतील याचा अंदाज करा. जनावरांचा डॉक्टर ही चैन नाही.

आपल्याकडं दवाखान्यांची श्रेणी एक आणि श्रेणी दोन अशी विभागणी चालत आली. श्रेणी एकला पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनला पदविकावाले पर्यवेक्षक. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पूर्ण उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे, पदविकाधारकानं त्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करायचे. आता देखरेख करणाऱ्याकडंच तीन-तीन ठिकाणं असतील तर देखरेख कागदावरच राहणार. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरतं पथक बोलावता येतं, ही चांगली सोय आहे. पण गाडी म्हणजे भरलेलं पद नव्हे.

आणि या डॉक्टरांच्या मनाचं काय? जीव वाचवायला शिकलेला माणूस महिन्यातून कितीदा जीव घेतो, तेही घरच्यांच्या रडण्याच्या मध्ये बसून. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांत पशुवैद्यकांमधलं आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळलं आहे. आपण मात्र त्यांना अजून "ढोराचा डॉक्टर" म्हणून हसतो. मीही हसलोय.

आणखी एक. गेल्यावर ठेवायचं कुठं? पालिकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "कचऱ्याच्या गाडीत द्या." मुंबईत महापालिकेनं मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे. आमच्या गावाला तेवढी नको, गावाबाहेर दोन गुंठे जागा पुरे. शेवटी मित्राच्या शेतात लिंबाखाली पुरला. डॉक्टरांनी बजावलं होतं, विहिरीपासून लांब, चार-पाच फूट खोल, वर दगड. कारण औषध अंगात राहतं, दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं तर तेही दगावू शकतं. हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं.

म्हातारं कुत्रं पोत्यात घालून घाटात किंवा देवस्थानाच्या पायथ्याशी सोडून येणारे लोक मी पाहिलेत. "आपल्या हातानं मारायचं पाप नको" म्हणतात. मग ते तिथं तहानेनं, गाडीखाली मरतं, ते कुणाच्या खात्यावर? बरा होणार असेल तर शेवटपर्यंत उपचार करा. होणार नसेल, वेदना थांबत नसतील, आणि डॉक्टर तसं सांगत असतील, तर जवळ बसून निरोप द्या. नजर चुकवून पळू नका. त्याला आपला वास लागतो.

माझ्याकडून दोन गोष्टी. तालुक्यातली पशुवैद्यकाची रिकामी पदं आणि पालिकेची जागा, या दोन्हींचा पाठपुरावा मी करणार, दोन्ही बाजू घेऊन. आणि २०१९ च्या त्या बातमीबद्दल मी डॉक्टरांची इथं, जाहीर माफी मागतो. त्यांचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलं. तालुक्यातल्या लोकांना कळेलच.

शनिवारी त्यांचा फोन आला होता. मला वाटलं काही काम असेल. म्हणाले, "ताई जेवती का नीट?"

जेवती, डॉक्टरसाहेब. फक्त भाकरीचा शेवटचा तुकडा अजून ताटात बाजूला काढून ठेवती.

(माणसाची गोळी जनावराला देऊ नका. एवढं तरी शेअर करा.)